हातावर चालवून पाहिलेलं घड्याळ

१

घड्याळ चांगलं की वाईट हे लोक तबकडी पाहून ठरवतात. मी कानाला लावून ठरवतो. अकोल्यात मोर्णेच्या पुलाजवळ माझं दुकान आहे, आणि हाताखालून गेलेल्या प्रत्येक नव्या घड्याळाबद्दल मी वहीत दोन ओळी लिहून ठेवतो. 'काच मोठी, अक्कल लहान.' 'रेडियमचे आकडे अंधारात छान दिसतात, फक्त वेळ चुकीची दिसते.' 'पट्टा उत्तम, घड्याळ पट्ट्यासोबत फुकट आलेलं दिसतं.' गिऱ्हाइकांना या ओळी मी वाचून दाखवत नाही. पण जाईबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवतो आणि ती हसते.

सन एकोणसाठच्या उन्हाळ्यात मात्र ती वही बंद होती. माघात मला लकवा झाला होता. तोंड आणि पाय महिन्याभरात सुधारले, डावा हात गेला तो गेलाच. खांद्यापासून खाली नुसता लोंबत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी बोटांत सुई टोचली तेव्हा मी छताकडे पाहत होतो, मला कळलंच नाही. ते म्हणाले, आता आशा धरू नका. एका हाताने पट्टे बदलता येतात, वेळ लावून देता येते. घड्याळ उघडता येत नाही. उजव्या हाताने चिमटा चालवायचा तर डाव्याने घड्याळ धरावं लागतं, आणि घड्याळजीचं सगळं पोट त्या धरण्यावर आहे.

आम्ही फुलमाळी. थोरला भाऊ वामनराव नदीपलीकडे मळा करतो. वीस वर्षांपूर्वी मी शेवंती सोडून घड्याळं धरली याचा राग त्याच्या मनात अजून ताजा होता. तो येऊन बसला आणि म्हणाला, "पुंजा, मृग लागायच्या आत दुकानाची चावी माह्या हातात दे. मी गिऱ्हाईक पाह्यतो दुकानाले. तू मळ्यात ये. फुलं एका हातानं बी तोडता येते."

"पाहू," मी म्हणालो.

"पाहू काय? हात काय परत उगवून राह्यला?"

त्याचं बोलणं वाईट हेतूने नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मृगाला पाच आठवडे उरले होते.

अशात एके दिवशी गोपाळकृष्ण वकील आले. त्यांच्या जावयाने परदेशातून आणलेलं ऑटोमॅटिक घड्याळ त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. या घड्याळाला चावी द्यावी लागत नाही. आत एक जड अर्धगोल पान असतं, हात हलला की ते फिरतं आणि त्यानेच चावी भरते. वकीलसाहेबांची तक्रार अशी की कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून घड्याळ सारखं बंद पडतंय.

"साहेब, सुट्टीत तुमी काय करता दिवसभर?"

"आरामखुर्चीत पडून वाचतो. दुसरं काय करणार या उन्हात?"

"मंग त्याले चावी कोण भरन?"

त्यांना हे पटलं नाही. वकिलाला कधी काही एकदम पटत नाही. "ते मला माहीत नाही, पुंजाजी. तुम्ही पंधरा दिवस चालवून पाहा आणि मला सांगा."

"ठेवून जा. हातावर चालवून पाह्यतो," मी म्हणालो.

वीस वर्षांची सवय. ऑटोमॅटिक घड्याळ तपासायचं तर घड्याळजी ते स्वतःच्या हातात बांधून फिरतो, दुसरा उपाय नाही. आणि बांधतो डाव्या हातात, कारण उजवा कामाचा. जाईबाई दुकानाच्या पायरीवर हारांची टोपली घेऊन बसलेली होती. मी सवयीनेच तिला म्हणालो, बांध. तिनेही माझ्या गळ्यात बांधलेल्या झोळीतून डावा हात काढला, घड्याळ बांधलं आणि हात परत झोळीत ठेवला. वकीलसाहेब गेल्यावर आम्हा दोघांनाही चूक कळली. दोघांनीही ती बोलून दाखवली नाही.

२

सोमवारी दुपारी बाराला बांधलेलं घड्याळ मंगळवारच्या रात्री, फार तर बुधवारी पहाटे थांबायला हवं होतं. पूर्ण भरलेली चावी छत्तीस-सदतीस तास पुरते. मी ते तसंच बांधून ठेवलं कारण सोडायला सांगणं जिवावर आलं होतं. सोड म्हणणं म्हणजे हात मेला आहे हे तिच्यासमोर कबूल करणं. थांबलं की काढू असं ठरवलं.

बुधवारी सकाळी ते चालत होतं. गुरुवारी चालत होतं. शुक्रवारी मी ते चर्चच्या आणि स्टेशनच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, दोन मिनिटंही मागे नव्हतं.

मी भाबडा माणूस नाही. यंत्राला कारण लागतं. मला वाटलं, मी घरून दुकानात चालत येतो, झोळी हलते, तेवढ्याने चावी भरत असेल. म्हणून झोळी छातीशी घट्ट आवळून बांधायला लावली आणि दोन दिवस दुकानातच मुक्काम केला. मागे एक आतली खोली आहे, तिथे बाज आहे. घड्याळ चाललं. मग वाटलं, घड्याळच निराळं असेल, चावी जास्त पुरत असेल. ते काढून कपाटात ठेवलं. बरोबर सदतीस तासांनी बंद पडलं. परत हातात बांधलं, दोन झटके देऊन सुरू केलं, आणि ते चालूच राहिलं.

बऱ्याच दिवसांनी मी वही उघडली. लिहिलं, 'ऑटोमॅटिक. चाल निर्दोष. आवाज गोड. मेलेल्या हातावर चालतं.' शेवटचं वाक्य मी खोडलं. खोडलेलंही वाचता येत होतं.

३

अकोल्याची वैशाखातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं. आतल्या खोलीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर तासातासाने पाणी मारायचं, आणि त्या ओल्या अंधारात पडून राहायचं. जाईबाई जेवून बाहेर दुकानात चटईवर पडत असे.

त्या दुपारी मला झोप लागता लागता आवाज आला. खुर्र. थोडं थांबून पुन्हा, खुर्र.

हा आवाज मी ओळखतो. ऑटोमॅटिक घड्याळातलं पान फिरलं की असाच येतो. घड्याळ हलल्याशिवाय तो येत नाही. मी डोळे उघडले. हात झोळीत, छातीवर, होता तसा. घड्याळ स्वस्थ टिकटिकत होतं.

डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. माझा श्वास जड झाल्यावर पुन्हा तो आवाज सुरू झाला, आता सलग, काम करणाऱ्या हातात येतो तसा.

मी उठून बाहेर आलो. "काय वं, तू आतमंदी आलती काय?"

"नाई बाप्पा. काहून?"

"माहा हात हालवून गेली असशीन. घड्याय बंद पडू नये म्हणून."

ती उठून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अवो, मी काहून असं करीन? मी तं रोज वाट पाह्यतो का ते बंद पडन अन् तुमी ते काढसान. मले त्याच्याकडं पाह्यवत नाई."

ती खोटं बोलत नव्हती. मग मी तिला दुसऱ्या दिवशी एक काम सांगितलं. हार ओवायला ती केळीच्या सोपटाचा दोरा वापरते. त्याने तिने माझी पाचही बोटं एकमेकांना बांधली आणि मनगट बाजेच्या लाकडाला बांधलं. तिच्या गाठी फुलवाल्या बाईच्या, सुटता सुटत नाहीत. उजवा हात मी मुद्दाम डोक्याखाली घेतला आणि त्याच्यावर झोपलो.

चारला उठलो तेव्हा उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, म्हणजे तो जागचा हलला नव्हता. डावा हात झोळीत होता. दोरा कापलेला नव्हता. तो सोडवलेला होता, त्याची नीट लहान गुंडाळी केलेली होती, आणि ती गुंडाळी माझ्या डाव्या तळहातात ठेवलेली होती. बोटं त्यावर मिटलेली होती. ती मला उजव्या हाताने एकेक करून उघडावी लागली.

मला भीती वाटली, हे सरळ सांगतो. आणि भीतीच्या खाली, लाज वाटावी इतका, आनंद होत होता. बोटांनी गाठ सोडवली होती. जी बोटं गाठ सोडवतात ती घड्याळ धरू शकतात.

४

वामनदादा पुन्हा आला. नत्थुजी सायकलवाल्याला दुकान पसंत आहे, सोमवारी तो पाहायला येईल, असं सांगून गेला. जाताना माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाला, "हे काहून बांधून फिरून राह्यला? लोक हासते."

सोमवारला तीन दिवस होते. मी ठरवलं की काय चाललं आहे ते डोळ्यांनी पाहायचं.

दुकानात काचेचं उभं कपाट आहे, चाकांवरचं. ते मी आतल्या खोलीच्या दारात अशा बेताने लावलं की बाजेवर कुशीवर पडलं, की काचेत मला माझीच छाती दिसावी. वाळ्याच्या पडद्याला वर एक फट होती, तिच्यातून उन्हाची पट्टी बरोबर झोळीवर पडत होती. डोळे एवढेसे उघडे ठेवून मी झोपेचा श्वास घ्यायला लागलो. झोपेचं सोंग करणं कठीण असतं. मी पडद्यावरून गळणारे पाण्याचे थेंब मोजत राहिलो.

दोनशेच्या पुढे कधीतरी झोळीचं कापड हललं.

हात बाहेर आला. सावकाश, आवाज न करता, मूल जागं होऊ नये म्हणून आई त्याच्या डोक्याखालून हात काढते तसा. उन्हाच्या पट्टीत येऊन थांबला. मग अंगठा आणि तर्जनी जवळ आल्या आणि त्यांनी हवेतून काहीतरी उचललं. फार बारीक, स्क्रूएवढं. ते वळवून पाहिलं. खाली ठेवलं. दुसरं उचललं. मनगट वळलं की घड्याळात खुर्र होत होतं.

ते काम घड्याळजीचं होतं. एकही हालचाल वाया नाही. मी वीस वर्षं हे काम करतोय आणि माझी बोटं इतकी स्वच्छ कधी चालली नाहीत. पण डाव्या हाताने मी आयुष्यात चिमटा धरलेला नाही. मी उजव्या हाताचा. हा हात ज्याने शिकवलेला होता तो डावखुरा होता.

माझा श्वास चुकला असावा. बोटं थांबली. हात वर उचलला गेला, आणि मनगटापासून हळूहळू वळत त्याचा तळवा काचेकडे आला. माझ्याकडे नाही. काचेकडे, जिच्यातून मी पाहत होतो. तसाच तो राहिला, माझ्या छातीतले ठोके मला ऐकू येईपर्यंत. मग झोळीत गेला.

५

शनिवारी दुपारी मी झोपलो नाही. जाईबाईला म्हणालो, दार लोटून घे आणि आत येऊ नको, काहीही ऐकू आलं तरी. ती म्हणाली, "आज नका करू. सोमवारी जे होईन ते होईन. मळ्यात बी दोन घास भेटते."

"मले मळ्यात नाई जायचं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

मी कामाच्या टेबलाशी बसलो. मनगटावरचं वकीलसाहेबांचं घड्याळ सोडलं, दाताने आणि उजव्या हाताने, आणि पालथं घालून समोर ठेवलं. चिमटा, बारीक पेचकस, पुर्जे धुवायला वाटीत रॉकेल. डावा हात उचलून टेबलावर ठेवला. तो पडून राहिला. त्याच्याकडे पाहत असताना तो येणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांनी मी घड्याळाच्या पाठीवर पेचकस टेकवला. घड्याळ सरकलं. पुन्हा टेकवला, पुन्हा सरकलं. तिसऱ्या वेळी सरकलं नाही. कोणीतरी ते धरलं होतं.

काय धरणं होतं ते. ना सैल, ना घट्ट. मी झाकण उघडलं. पान काढलं. बोटांच्या टोकांनी, अंधारात, एकेक स्क्रू सोडवत गेलो, आणि समोरून कोणी ते माझ्या चिमट्यातून अलगद घेऊन रांगेत ठेवत होतं. मला हसू येत होतं. इतक्या महिन्यांनी मी घड्याळ उघडत होतो. सगळं सुटं झाल्यावर ते परत बसवायला घेतलं. तेही जमलं. शेवटचा स्क्रू बसला, टिकटिक सुरू झाली, आणि त्या क्षणी समोरचं धरणं सैल झालं. काम संपलं होतं, आता तो जाणार होता.

मी डोळे उघडले आणि उजव्या हाताने डावं मनगट पकडलं.

त्याने हिसका दिला. माझ्या लुळ्या हातात एवढी ताकद कुठून यावी, टेबल हललं, वाटी सांडली, रॉकेलचा वास दुकानभर पसरला. तो मागे जात होता, माझ्या अंगातून, बाहीतून मागे, जणू हात तिथेच राहणार होता आणि आतला कोणी निघून जाणार होता. मी मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं आणि वर छातीचं ओझं टाकलं.

"जायचं नाई," मी म्हणालो. "आला ना इतले दिवस, न विचारता? आता जायचं नाई."

बोटं टेबलावर ओरबाडत होती. एक नख तुटलं. मी सोडलं नाही. घाम डोळ्यांत जात होता, दिसत काही नव्हतं. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, आणि माझ्यासारख्याने हे म्हणावं ही गंमतच आहे. मग एकदम तो ओढणं थांबला. त्यानंतर जे आलं ते मी विसरणार नाही. तुटलेल्या नखात कळ आली.

माझी कळ. माझ्या नखात. माघापासून पहिल्यांदा.

मी तर्जनी हलवायची म्हटली. तर्जनी हलली. मग मी त्या रॉकेलात बसून लहान पोरासारखा रडलो, आणि दाराबाहेरून जाईबाई विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

६

सोमवारी वामनदादा नत्थुजीला घेऊन आला. मी टेबलाशी बसलेलो होतो, डोळ्याला भिंग लावून. समोर घड्याळ पूर्ण सुटं करून ठेवलेलं होतं. मी मान वर न करता म्हणालो, "बसा दादा. नत्थुजी, तुमी बी बसा. दहा मिनिटं."

आठ मिनिटांत घड्याळ बसवलं. डाव्या हाताने धरलं, उजव्या हाताने चाकं ठेवली, आणि मग, मला मोह आवरला नाही, चिमटा डाव्या हातात घेऊन उरलेले स्क्रू त्या हाताने लावले. समोरचा पानवाला येऊन उभा राहिला, मग शाळेचे दोन मास्तर, मग रस्ता अडला. नत्थुजी उठला, जोडे पायात घातले आणि वामनदादाला म्हणाला, "चाला राव. हे दुकान काई भेटत नाई आपल्याले." वामनदादाने मला जवळ घेतलं. तो मला लहानपणी घ्यायचा तसा, डोकं दाबून.

वकीलसाहेब घड्याळ न्यायला आले तेव्हा मी सांगितलं की घड्याळात दोष नाही, तुमच्या सुट्टीत आहे. त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच वाद घातला नाही.

संध्याकाळी दुकान बंद करताना मी जाईबाईचा हात हातात घेतला, डाव्या. तिने तो थोडा वेळ राहू दिला. मग हळूच काढून घेतला आणि पदराला पुसला.

"राग नका मानू," ती म्हणाली. "अठरा वर्षं झाली लग्नाले. मले तुमचा हात माहीत हाये. हा तुमचा नोहे."

ते मला आदल्या रात्रीच कळलं होतं. घड्याळजीला नाडी मोजायला शिकवावं लागत नाही. उजव्या मनगटात मिनिटाला बहात्तर ठोके पडत होते. डाव्यात साठ. भिंतीवर शेजारी टांगलेली दोन घड्याळं आपापल्या चालीने चालतात तसे. मी ते अनेकदा मोजलं. मी धावलो की उजवा वाढतो, घाबरलो की वाढतो. डावा साठच.

"मंग कोणाचा हाये?" तिने विचारलं.

"ज्याचा असन तो येईन मागाले."

"अन् आला तं?"

मी कुलूप लावलं. डाव्या हाताने लावलं, आणि किल्ली त्याच हाताने खिशात टाकली.

त्या दसऱ्याला मळ्यातल्या घरी सगळी भावकी जमली होती. मी आपट्याची पानं वाटायला उठलो आणि वामनदादासमोर डावा हात पुढे केला. डाव्या हाताने सोनं देत नाहीत हे आमच्यात तान्ह्या पोरालाही कळतं.

"डाव्या हातानं देऊन राह्यला काय रे?" दादा म्हणाला.

"आज डाव्याच हातानं घ्या, दादा. यानंच कमावलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पान घेतलं आणि कपाळाला लावलं. मग मी सगळ्या अंगणाला त्याच हाताने सोनं दिलं, शेवटी जाईबाईला. तिने ते घ्यायला वेळ लावला. मी हात पुढे धरून उभा राहिलो. त्यात एक ठोका पडला, मग सावकाश दुसरा. मागायला अजून कोणी आलेलं नव्हतं. आणि खरं सांगतो, त्या अंगणात उभं राहून मला वाटलं, यावंच त्याने एकदा. समोर बसून हात ओढून पाहावा. मी जिंकेन.